वाळलेल्या हिरवळीखालचं गाव

इंग्लंडला निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी आमच्या गावच्या सेवा सोसायटीच्या चेअरमनला एक मजकूर लिहून दिला. गावच्या पाझर तलावातला गाळ यंदा लोकांनी उपसला होता आणि बांधावर दगडी पाटी बसवायचं ठरलं होतं. तलाव झाला तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. सोसायटीच्या त्या वेळच्या मंडळात आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं : 'बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या पडीक जागेवर, गावकऱ्यांच्या श्रमातून हा तलाव उभा राहिला.'

यातला 'पडीक' हा शब्द खोटा आहे हे लिहिताना मला ठाऊक होतं. पन्नास वर्षांपूर्वी मीच तो पहिल्यांदा लिहिला, तेव्हाही ठाऊक होतं. तरी हात अडखळला नाही. कागद देऊन घरी आलो आणि मुलीसाठी कारळाची चटणी बांधायला घेतली.

पुढे वाडा आहे, बाग आहे, खाणं आहे, भेटलेली माणसं आहेत. पण लिहायला बसलो तो या एका शब्दासाठी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नॉटिंगहॅमजवळ

माझी मुलगी वैशाली तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आठ वर्षं ती फोटो पाठवायची आणि प्रत्येक फोटोत मागे हिरवंगार असायचं. मी पोहोचलो तेव्हा मात्र सगळं फाल्गुनातल्या आष्टीच्या माळासारखं पिवळं पडलं होतं. कित्येक आठवडे पाऊस नव्हता. नळीने बागेला पाणी घालायला बंदी आली होती.

शेजारी कॉलिन नावाचे गृहस्थ राहतात. बस चालवून निवृत्त झालेले. सकाळी उठून पाहतो तर हे आपल्या आंघोळीचं पाणी बादलीतून गुलाबांना नेत होते. मी वैशालीकरवी विचारलं, साबणाचं पाणी चालतं का गुलाबाला? ते म्हणाले, "अजून तरी एकाही गुलाबाने तक्रार केलेली नाही." मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे भांड्यांचं पाणी कढीपत्त्याला जातं आणि आमच्या इतका दांडगा कढीपत्ता गल्लीत कुणाकडे नाही. त्यांनी बादली खाली ठेवून माझ्याशी हात मिळवला.

असा दुष्काळ आपण जन्मात पाहिला नाही, असं ते म्हणाले. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, असं मी विचारलं. ते रोजच येत होतं. मी हसलो नाही, कारण गुलाबांकडे बघताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

दोन दिवस झोप आणि जेवण यांत गेले. वैशालीने गुजराती दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं होतं. ते इतकं जुनं होतं की भाकरी तव्यावर पडायच्या आतच तिचे तीन तुकडे झाले. चटणीशी आम्ही ते तुकडेच खाल्ले.

वाडा

तिसऱ्या दिवशी वैशालीने मला एका जुन्या जहागिरदाराचा वाडा दाखवायला नेलं. वाडा म्हणायचं ते दुसरा शब्द नाही म्हणून. फाटकापासून दारापर्यंतच मैलभर रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं. आता तो एका संस्थेच्या ताब्यात आहे आणि कुणालाही तिकीट काढून आत जाता येतं.

आमच्याकडे देशमुखाची गढी असते. ती येणाराकडे पाठ करून बसते. उंच आंधळी भिंत, त्यात खाली वाकून जावं लागेल असं दार, वर बंदुकीपुरती भोकं. इथे उलट होतं. नुसत्या खिडक्याच खिडक्या. मी साठपर्यंत मोजल्या आणि विसरलो. आम्हाला बघा, असं ते घर लांबूनच सांगत होतं.

दिवाणखान्याच्या छतावर ढगांतले देव रंगवले होते आणि एकाच्याही अंगावर धड कपडा नव्हता. वैशाली ती खोली संपेपर्यंत जमिनीकडे बघत चालली. मला सगळ्यांत आवडलं ते मुदपाकघर. तांब्याची भांडी उंचीप्रमाणे ओळीने टांगलेली, एवढी लखलखीत की वाटावं आत्ताच चिंचेने घासली. भिंतीवर घंटांची रांग, प्रत्येकीखाली एकेका खोलीचं नाव. नुसत्या आवाजावरून नोकराने ओळखायचं की कुठल्या खोलीतून बोलावणं आलं. आणि त्या खोल्यांत नोकरांचं दार भिंतीच्याच रंगाच्या कागदाने मढवलेलं, म्हणजे बंद केलं की तिथे दार आहे हेच कळू नये.

ग्रंथालयाच्या खोलीत येईतो माझे गुडघे बोलायला लागले. भिंतीशी मखमलीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर पाइनच्या झाडाचं एकेक सुकं बोंड ठेवलेलं होतं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी एक बोंड उचलून खिशात घातलं आणि बसलो. खुर्ची कुरकुरली. लगेच माझ्याच वयाची एक बाई, छातीवर नावाचा बिल्ला लावलेली, हसत आली.

वैशालीचा चेहरा लाल झाला. "अण्णा, उठा. ते बोंड बसू नये म्हणून ठेवतात."

"मग तसं लिहायचं ना. बोंडावरून काय कळणार?"

वैशालीने ते त्या बाईंना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "लिहून ठेवलं की लोक मुद्दाम बसतात." आणि मला स्वतःची घडीची खुर्ची आणून दिली.

त्यांचं नाव डोरोथी. आठवड्यातून दोन दिवस त्या बिनपगारी या खोलीत थांबतात. तुम्ही या घराण्यातल्या का, असं मी विचारलं. त्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. "आमच्या घरातलं पुढच्या दाराने इथे आलेलं पहिलं माणूस मीच," त्या म्हणाल्या. मग मी कुठला, ते विचारलं. वैशालीने सांगितलं, पाऊस कमी पडणाऱ्या जिल्ह्यातले आहेत.

"मग तुम्हाला दाखवलंच पाहिजे. फार वर्षांनी दिसतंय." त्या मला मोठ्या खिडकीशी घेऊन गेल्या.

खाली तळ्यापर्यंत उतरत गेलेलं गवताचं मैदान होतं, वाळून तांबूस झालेलं. त्यावर कुणी फूटपट्टी लावून ओढाव्यात तशा रेघा होत्या. काही अगदी पांढरट, काही हिरव्या. चौकोनाला लागून चौकोन, मधून एक वाकडी पट्टी.

डोरोथीबाई समजावून सांगायला लागल्या, पण मी मधेच म्हणालो, "खाली दगड आहे. जिथे दगड, तिथे माती पातळ, तिथलं आधी करपतं. जिथे जुना चर, तिथे ओल टिकते. आमच्याकडे मुरमावरची ज्वारी असंच सांगते." वैशालीने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"घरांचे पाये आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे गाव होतं."

अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या मालकाला या खिडकीतून तळं आणि झाडं एवढंच दिसायला हवं होतं. मधे गावाची छपरं यायची. म्हणून त्याने गाव हलवलं. टेकडीपलीकडे, इथून दिसणार नाही अशी एक ओळ बांधून दिली. "घरं चांगली बांधली होती, ते सांगितलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "मी त्याच ओळीत जन्मले. आमचं मूळ घर ते, तिसरं. तो गोल ठिपका आहे ना, त्याच्या डावीकडे."

"ठिपका कशाचा?"

"विहिरीचा."

मी खिडकीची चौकट धरली. वैशालीला वाटलं उन्हाने गरगरलं. तिने पाणी पुढे केलं. मला पाणी नको होतं.

खिडकीजवळ एक फलक होता. वैशालीने तो मला मराठीत वाचून दाखवला. देखावा चांगला दिसावा म्हणून इथलं गाव हटवण्यात आलं, असं त्यावर सरळ लिहिलं होतं. खाली सात आडनावं. मी विचारलं, हे कुणी लिहिलं?

"आधी तिथे 'मोकळं कुरण' असं लिहिलेलं होतं," डोरोथीबाई म्हणाल्या. "आमच्या ओळीत सगळ्यांना खरं माहीत होतं. माहीत आहे तर लिहायचं कशाला, असं आम्हालाच वाटायचं. मग एका अशाच उन्हाळ्यात रेघा उमटल्या, आणि माझी आई इथल्या व्यवस्थापकाकडे गेली. तो म्हणाला, मजकूर द्या, लावतो. विचारायला आम्हाला दोनशे वर्षं लागली. त्यांना बदलायला चार महिने."

नंतर आम्ही जुन्या तबेल्यातल्या उपाहारगृहात चहा घेतला. सोबत स्कोन नावाचा पदार्थ होता, दिसायला आपल्या बट्टीसारखा, पण डाळीऐवजी मुरंबा आणि तुपाऐवजी घट्ट साय. चांगला होता. मला अर्धाच गेला.

छतावर

घरी आल्यावर खिशात ते बोंड सापडलं. ते परत करायला म्हणून, आणि गुरुवारी छत बघायला उघडं असतं म्हणून, आम्ही पुन्हा गेलो. डोरोथीबाई म्हणाल्या की बाहेर त्या बोंडांचं अख्खं झाड आहे, पण परत आणणारे तुम्ही पहिलेच. त्यांनी ते त्याच खुर्चीवर ठेवलं.

छतावर जायचा जिना अरुंद आहे. वर पोहोचलो आणि ते गाव सबंध दिसलं. एकवीस घरं मी मोजली. रस्ता विहिरीपाशी रुंद होत होता, जसा आपल्याकडेही होतो, कारण बायका तिथे थांबतात. वाऱ्याला जरा आडोसा होता तिथे आम्ही बसलो आणि मी वैशालीला सांगितलं.

बहात्तरला दुष्काळी कामं निघाली तेव्हा तलावाची जागा बघायला ओव्हरसियर गावात आला. नाल्यावर दोन जागा होत्या. वरच्या जागेला खडक चांगला होता, पण तिथे पाणी साठलं असतं तर तेव्हाच्या चेअरमनची मोसंबीची बाग बुडाली असती. खालची जागा नाल्याच्या वळणावर. सरकारी कागदावर ते गायरान. प्रत्यक्षात तिथे पाच घरं होती. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली ही कुटुंबं गावकुसाजवळून उठून तिथे गेली होती. आमच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकू देत नसत. आमच्यातल्या कुणीतरी वरून ओतेपर्यंत त्यांनी घागर धरून उभं राहायचं. म्हणून त्यांनी स्वतःची विहीर खणली. शेती-मजुरीतून उरलेल्या वेळात, चार वर्षं. त्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि त्यांची टिकली. आमच्या बायका तिकडे जायला लागल्या. त्यांनी एकीलाही थांबवलं नाही.

ओव्हरसियरला सोसायटीचा दाखला हवा होता. चेअरमन म्हणाले, कागदावर गायरानच आहे ना, मग तसंच लिही. मी लिहिलं : 'सदर जागा पडीक आहे. वस्ती नाही. चालू विहीर नाही.' खाली सही केली. त्या सकाळी आमच्या घरातल्या माठात त्याच विहिरीचं पाणी होतं.

तलावाच्या कामावर ती पाचही घरं मजुरीला होती, कारण दुसरं काम नव्हतं. त्यांच्यातलाच माझा शाळेतला सोबती सुदाम आणि त्याची आई गयाबाई मातीच्या पाट्या वाहायची. पुढच्या पावसाळ्यात विहीर पाण्याखाली गेली. त्यांनी रस्त्याकडेला खोपटी घातली. आणि हातपंप येईपर्यंत त्यांच्या बायका पुन्हा आमच्या विहिरीवर घागरी धरून उभ्या राहिल्या. सोसायटीचं ऑफिस समोरच होतं. माझी खुर्ची खिडकीशी होती.

वैशाली माझ्याकडे वळली.

"सुदामकाकांना माहीत आहे?"

"समद्या गावाला माहीत हाय. लिहिलेलं तेवढं माझं हाय."

"मी त्यांच्याकडे गणिताला जायचे अण्णा. तुम्हीच पाठवायचात."

"व्हय."

"कावून पाठवायचात?" ती चिडली की गावच्या बोलीत येते, 'का'चं 'कावून' करते. तिने फोन काढून माझ्या हातात दिला. "लावा."

मी आताच्या चेअरमनला, बाळासाहेबाला, लावला. तो त्या चेअरमनचा नातू. तो आधी घाबरला. "अण्णा, तब्येत ठीक हाय ना?"

"ठीक हाय. पाटीचं काम थांबव."

"आता? गेवराईला रशीदभाई पाथरवटाकडं दगड जाऊन आठ दिस झाले. कावून थांबवायचं?"

"मी खोटं लिहिलंय त्यात."

त्याने हळू विचारलं, "आजोबांचं नाव येणार का?" म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"माझं येणार. सही माझी हाय."

"मग या तुमी. आमसभा तुमी आल्यावरच ठेवतो."

गावात

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सुदामकडे गेलो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाला. ओसरीवर सुपात तूर निवडत बसला होता.

"या शेक्रेटरी. विलायतेहून काय आणलं?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दाखला, मोसंबीची बाग, पाटीचा मजकूर. तो तूर निवडत राहिला.

"हे मला माहीत हाय," तो म्हणाला.

"मला माझ्या तोंडानं सांगायचं व्हतं."

"पन्नास वर्सं कुठं गेलतास बे?"

शाळा सुटल्यापासून तो मला कधी 'बे' म्हणाला नव्हता. शेक्रेटरी, नाहीतर साहेब. मी म्हणालो, "माफी मागतो सुदाम."

"ती मायला मागायची व्हती. ती गेली. माझ्याकडं तिचं मुखत्यारपत्र न्हाई." त्याने सूप बाजूला सारलं. "नवं काय लिहून आणलंस ते दाव."

मी कागद दिला. त्याने खिशातून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते त्याच्या खिशात असतं. 'पाच बौद्ध कुटुंबांचे स्थलांतर झाले' या ओळीवर तो थांबला.

"स्थलांतर? आमी काय पाखरं व्हतो का?" त्याने ते खोडून 'पाच बौद्ध कुटुंबांना उठवले' असं केलं. पुढे वाचलं. "विहीर वीस हात लिहिलीस. तेवीस व्हती. खालचे तीन हात काळा दगड व्हता, त्यो मायनं आन् मी फोडला." तेही बदललं. शेवटी 'सोसायटीने खोटा दाखला दिला' यावर पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"सोसायटीला हात हायत का?"

मी पेन मागून घेतलं आणि तिथे माझं नाव घातलं. लाल अक्षरात.

आमसभेत बाळासाहेबाने मजकूर स्वतः वाचला. दोघं-तिघं कुरकुरले. एकजण म्हणाला, "जुनं उकरून काय भेटणार? तलावाचं पाणी समदेच पेतेत की." मागे बायकांच्या बाजूला आमच्याच गल्लीतली कौसाबाई बसली होती. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि सभेत कधी बोलत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "त्या सालचं त्या विहिरीचं पाणी मी पेलेली हाय. तू तवा जलमलाबी नव्हतास. लिवा ते." हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. आजोबांच्या बागेची ओळ बाळासाहेबाने आपल्या हाताने वाढवली. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

मग आम्ही दोघं गेवराईला गेलो, मी आणि सुदाम. एसटीत शेजारी बसलो. रशीदभाई पाथरवट बापाच्या वेळेपासून तिथे काम करतात. त्यांनी दगडावरचं पोतं काढलं. माझा फोन येण्याआधीच जुना मजकूर पूर्ण कोरून झाला होता. 'पडीक' फार सुबक आला होता.

"काळजी नका करू अण्णा," रशीदभाई म्हणाले. "घासून काढतो. सूतभर जाडी जाईल, कुणाला पत्ता बी न्हाई लागणार."

मी हो म्हणणार होतो. सुदाम खाली बसला, अक्षरांवरून बोटं फिरवली.

"घासू नका. दुसरी बाजू कोरी हाय ना?"

"हाय की."

"मग खरं तिकडं कोरा. आन् दगड भिंतीला टेकवू नका, मधी उभा करा. चारी बाजूनं फिरता आलं पाहिजे."

"कोणती बाजू कुठं करायची?" रशीदभाईंनी विचारलं.

"खरं रस्त्याकडं. येणाराजाणाराला कळू द्या. खोटं गावाकडं. गावाला खरं ठावं हाय, त्येनी खोटं वाचत जावं."

रशीदभाई हसायला लागले, मग सुदामही. मीही हसलो असं लिहायला आवडलं असतं. मला ते जमलं ते परतीच्या एसटीत, पाडळसिंगीच्या पुढे.

दिवाळीला वैशाली आली. तलाव यंदा निम्म्याच्या वर भरला आहे. आम्ही बांधावर गेलो तेव्हा सुदाम आधीच येऊन बसला होता. वैशाली त्याच्या पाया पडली आणि दगडाच्या दोन्ही बाजू वाचून आली. मग तिने विचारलं, विहीर नेमकी कुठे होती?

मी पाण्याकडे बोट दाखवलं. "तिथं."

"तिथं न्हाई बे," सुदाम म्हणाला. "जरा डावीकडं."

मी बोट सरकवलं. "अजून," तो म्हणाला.